एक्केचाळीस सेकंद

कर्नल समीर दळवींना मारण्याची संधी मला आयुष्यात एकदाच मिळाली, आणि त्यासाठी मला बोटही उचलावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. मी गप्प बसलो नाही. त्याबद्दल लगेच माझं कौतुक करायला जाऊ नका. आधी पुढचं ऐका.

मी रणजित शेडगे, नायब सुभेदार, म्हणजे आता माजी. गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्याच्या कडेला. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, आमच्या घरचे दोन होते. दोघांचंही काम एकच, ग्राउंड कंट्रोलरचं. हे काम सिनेमात दाखवतात तसं नसतं, म्हणून आधी ते समजावून सांगतो.

वर विमान असतं. खाली आपले जवान, आणि त्यांच्यापासून दोन-तीनशे मीटरवर शत्रू. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच, खडकांत हलणारे ठिपके. कोणते ठिपके कुणाचे हे जमिनीवरून सांगणारा माणूस म्हणजे कंट्रोलर. तो ठरलेल्या क्रमाने नऊ ओळी वाचतो. कुठून यायचं, किती अंतर, लक्ष्याची उंची, लक्ष्याचे आकडे, आपली माणसं कोणत्या बाजूला, बॉम्ब टाकून कुठून निघून जायचं. त्यातली उंची आणि आकडे विमानाने परत वाचून दाखवायचे असतात. मग कंट्रोलर मोठ्या खुणेकडून लहान खुणेकडे नेतो. तो डोंगर दिसतोय? त्याची डावी सोंड? सोंडेखाली घळ? घळीत पांढरा दगड? सगळं जुळलं की शेवटचा शब्द, 'सोड'. तो शब्द फक्त कंट्रोलरचा. त्याच्याशिवाय बॉम्ब सुटत नाही.

परत वाचण्याच्या या रिवाजावर आमचा देवासारखा विश्वास. पण त्यात एक मेख आहे. खालच्याने चुकीचं सांगितलं आणि वरच्याने ते नीट ऐकलं, तर चूक अगदी बिनचूक परत येते.

दुसरी मेख डब्याची. डबा म्हणजे आमची दुर्बीण-पेटी. ती लक्ष्यावर रोखून बटण दाबलं की लेझरने अंतर आणि दिशा मोजते, स्वतःच्या जागेत ते मिळवते आणि लक्ष्याचे आकडे दाखवते. थंडीत तिची बॅटरी मान टाकते. नवी बॅटरी घातली की डबा जागा होतो, आणि झोपेतून उठलेल्या माणसासारखा आधी आपण कुठे आहोत तेच बघतो. म्हणजे पडद्यावर पहिल्यांदा स्वतःच्या जागेचे आकडे येतात. दिसायला ते लक्ष्याच्या आकड्यांसारखेच असतात. तेच कुणी वाचून दाखवले, तर बॉम्ब वाचणाऱ्याच्या डोक्यावर पडतो.

माझा थोरला भाऊ हवालदार विश्वजित शेडगे असाच गेला. त्याच्याबरोबर आणखी चार जण. साल दोन हजार तेहतीस.

चौकशी झाली. त्या तुकडीतून दोघेच वाचले होते. एक त्यांचे अधिकारी, तेव्हाचे मेजर दळवी, आणि दुसरा रेडिओ सांभाळणारा सिग्नलमन अस्लम मुलाणी. दळवींनी साक्ष दिली की शेडगेने घाईत बॅटरी बदलली आणि आकडे न तपासता वाचले. रेकॉर्डिंग इतकं खरखरीत होतं की आवाज कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मुलाणी तेव्हा इस्पितळात बेशुद्ध होता. प्रकरण मिटलं.

तो शुद्धीवर आल्यावर मी त्याला भेटलो. मी तेव्हा साधा नाईक होतो, रजा काढून गेलो होतो. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. मला बघून तो रडायलाच लागला.

"तुझ्या भावाच्या हातात डबा नव्हताच रे," तो म्हणाला. "बॅटरी त्यानंच बदलली, पण तेवढ्यात मेजरसाहेबांनी डबा हिसकावला. घाबरले होते. दिसले ते आकडे वाचून मोकळे. दादा ओरडत होता, थांबा साहेब, हे आपले आहेत. साहेबांनी 'सोड' म्हटलं."

"हे लिहून देशील?"

तो चादर मुठीत धरून म्हणाला, "त्यांनी मला पाठीवर घेऊन चार किलोमीटर आणलंय रणजित. वाटेत दोनदा पडले, तरी टाकलं नाही मला. ज्याच्या पाठीवर बसून आलो त्याच्यावर कसा उलटू?"

खरं सांगायचं तर मला मुलाणीचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. पण त्या दिवसापासून दळवी माझ्या घशात काट्यासारखे अडकले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे तर संन्यासी आधीच मेलेला होता. त्याला बोलता येत नव्हतं, आणि त्याच्या तिरडीवर उभं राहून साहेबांना बढती मिळाली.

याहून वाईट पुढे होतं. प्रशिक्षण शाळेच्या पुस्तकात त्या चुकीला नाव पडलं, 'शेडगे चूक'. व्याख्या अशी: बॅटरी बदलल्यावर स्वतःचेच आकडे लक्ष्य म्हणून वाचणे. देशभरातल्या प्रत्येक कंट्रोलरच्या तोंडी माझ्या भावाचं आडनाव गेलं, ते असं. आणि चूक माणसाची ठरल्यामुळे डब्याला कुणी हात लावला नाही. नव्या डब्यांवर फक्त एक लाल पट्टी चिकटवली, 'बॅटरी बदलली? उंची पाहा.'

स्नेहलवहिनी गावातल्या शाळेत शिकवतात. पहिल्या वर्षी एका फौजी पाहुण्याने त्यांच्यासमोरच सहज बोलता बोलता 'शेडगे चूक' म्हटलं. वहिनींनी पाहुण्याला चहा दिला, कप विसळून ठेवले, आणि मग आत जाऊन भिंतीला डोकं टेकून उभ्या राहिल्या. मी दारातून बघितलं. त्याच दिवशी ठरवलं, हे नाव पुसायचं. आणि ज्याने लिहिलं त्याच्याच हाताने पुसून घ्यायचं.

मुलाणीने सांगितलेलं मी वहिनींना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "भावजी, मला ठाऊकच होतं. ते घाईनं काही करायचेच नाहीत. भाकरीचा तुकडासुद्धा बत्तीस वेळा चावायचे." आणि पुढे म्हणाल्या, "पण तुम्ही त्या माणसाच्या मागं लागू नका. तुमचं आयुष्य नासंल."

मी हो म्हटलं आणि कंट्रोलरच्या शाळेसाठी अर्ज केला. शाळेचे प्रमुख होते कर्नल समीर दळवी.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. उंचपुरा माणूस, कानशिलं पांढरी झालेली, आवाज मऊ.

"विश्वजितचा भाऊ ना तू?"

"होय सर."

"चांगला कंट्रोलर होता. एका क्षणाची चूक झाली." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या भावाची चूक तू करू नकोस. या कामात डोक्यावर बर्फ पाहिजे."

मी "होय सर" म्हणून सलाम ठोकला. बाहेर आलो आणि मागच्या नळावर तो खांदा साबण लावून धुतला. हे ऐकून कुणाला हसू येईल, येऊ दे. मला त्या हाताची किळस आली होती.

त्याच वर्षी शाळेत 'कानोसा' आलं.

विमानं तोपर्यंत बिनवैमानिकाची झाली होती. आमच्या विमानाचं नाव ससाणा. आठ-आठ तास ढगांवर घिरट्या घालायचा आणि कंट्रोलरच्या आवाजावर चालायचा. पण मग प्रश्न उभा राहिला: कंट्रोलरच घाबरलेला असेल तर? वैमानिक माणूस असतो तेव्हा तो आवाजावरून ओळखतो की खालचा गडबडलाय. यंत्राने कसं ओळखायचं? त्याचं उत्तर म्हणजे कानोसा. माणूस घाबरला किंवा चिडला की त्याच्या स्वरतंतूंचं बारीक कंपन बदलतं. श्वास शब्दाच्या मधेच तुटतो. दोन शब्दांमधल्या फटी कमी-जास्त होतात. कानाला हे कळत नाही, यंत्राला कळतं. प्रत्येक कंट्रोलरचा चाळीस तासांचा साधा आवाज आधी साठवून ठेवायचा आणि लढाईतला आवाज त्याच्याशी ताडून बघायचा. हिरवा दिवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे पुन्हा वाच. लाल म्हणजे ससाणा तुमचं ऐकणं सोडतो आणि दुसऱ्या ठाण्यावरच्या कंट्रोलरकडे जातो.

आणि चॅनेलवरचा प्रत्येक शब्द, कुणाचाही असो, बोलणाऱ्याच्या नावासह मोहोरबंद होतो. तो कुणाला पुसता येत नाही, अगदी सेनापतीलाही. मला कानोसात काही आवडलं असेल तर ते हेच.

दळवी वर्गात आले की माझा दिवा लाल व्हायचा. वर्ग हसायचा. दळवी म्हणायचे, "शेडगे, तुमच्या घराण्यातच घाई आहे की काय?"

मग मी शिकलो. राग दाबून उपयोग नसतो, दाबलेला राग कानोसाला लगेच ऐकू येतो. राग मुरवावा लागतो, लोणच्यासारखा. बरणीचं तोंड बांधायचं आणि वाट बघायची. मी खोलीत दळवींचा फोटो समोर ठेवून नऊ ओळी वाचायचो, दिवसातून शंभर वेळा. सहा महिन्यांनी पिवळा झाला. वर्षाने हिरवा. दुसऱ्या वर्षी मी शाळेतला सगळ्यात स्थिर आवाज ठरलो, आणि दळवींनी स्वतः माझ्या छातीवर बिल्ला लावला. तेव्हाही दिवा हिरवाच होता. यंत्र बनवणाऱ्यांनी भीती ओळखायला शिकवली होती, संताप ओळखायला शिकवलं होतं. वर्षानुवर्षं थंड केलेला द्वेष त्यांच्या नमुन्यांत कुठेच नव्हता.

त्याची किंमत घरी द्यावी लागली. एकदा फोनवर वहिनींनी शाळेचं स्नेहसंमेलन, शेजारच्यांची भांडणं, गाईला झालेली कालवड असं कायकाय सांगितलं आणि मधेच थांबल्या.

"भावजी, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"तुम्ही बोलता तेव्हा पलीकडं कुणी नसल्यासारखं वाटतं हो. पूर्वी कसं, हसला तर फोन कानापासून लांब धरावा लागायचा. आता बँकेतलं मशीन बोलल्यागत बोलता. बरं नाही का तुम्हाला?"

"बरा आहे," मी म्हणालो. पिवळासुद्धा झालो नसतो मी.

दोन हजार एक्केचाळीसच्या ऑक्टोबरात सीमेवर गडबड सुरू झाली. दळवी तोवर शाळा सोडून एका पलटणीचे प्रमुख झाले होते, आणि माझी नेमणूक नेमकी त्यांच्याच भागात झाली. मी मागून घेतली होती, हे लपवत नाही. सगळे सुरक्षित नेमणुकीसाठी वशिला लावतात, मी उलट्या दिशेने लावला.

त्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला दळवी पुढच्या चौकीची पाहणी करायला गेले. चौकीवर नऊ जवान होते. समोरच्या डोंगराला आमची पोरं 'वशिंड' म्हणायची, आकार तसाच होता. पावणेनऊला वशिंडाखालच्या घळीतून घुसखोर वर चढायला लागले, तीस-चाळीस तरी असतील. चौकीवरचा कंट्रोलर पहिल्याच माऱ्यात जखमी झाला. त्याचा डबा दळवींनी घेतला, पण त्यांचा दिवा लाल झाला आणि ससाणा माझ्याकडे आला.

मी मागच्या धारेवर होतो, दोन किलोमीटर लांब. मला चौकी दिसत होती, पण घळ कड्याआड होती. म्हणून आकडे दळवींनी द्यायचे, ते मी ससाण्याला वाचून दाखवायचे आणि 'सोड' मी म्हणायचं, असं ठरलं. आमची भाषा एरवी ठरावीक इंग्रजी शब्दांची. पण समोर कोण आहे हे आवाजावरून कळल्यावर दळवी मराठीत आले.

"शेडगे, लवकर घे. बॅटरी गेली होती, आत्ता नवी घातलीय. आकडे लिही."

त्यांनी आकडे वाचले. मग उंची वाचली. "चार हजार तीनशे दहा."

माझी पेन्सिल थांबली. घळ चार हजार दोनशेच्याही खाली होती. चार हजार तीनशे दहा ही चौकीची उंची. मी नकाशा बघितला नाही, बघायची गरजच नव्हती. ज्या माणसाने वर्षानुवर्षं वर्गात 'शेडगे चूक' शिकवली, तो लाल पट्टीवर अंगठा ठेवून तीच चूक करत होता.

आता सांगतो मला काय वाटलं. मला आनंद झाला. असा आनंद मला लग्नाकार्यात, बढतीत, कशातच झाला नव्हता. हेच आकडे मी जसेच्या तसे वर वाचले असते, तर ससाण्याने ते बिनचूक परत वाचले असते. आघाडीवरच्या माणसांचे ओळख-सिग्नल बंद असतात, शत्रू ते पकडतो म्हणून. त्यामुळे विमानाला काही कळलं नसतं. माझा दिवा हिरवा राहिला असता, आणि मोहोरबंद रेकॉर्डिंगवर दळवींची चूक दळवींच्याच आवाजात राहिली असती. जग म्हणालं असतं, शेडगेने दिले तेच वाचले.

पण तिथे नऊ जवान होते. मी कसाई नाही.

"सर," मी म्हणालो, "बॅटरी बदलल्यावर उंची पाहिलीत?"

मग त्यांचा श्वास ऐकू आला.

"अरे देवा," ते म्हणाले.

"हे तुमचेच आकडे आहेत सर. घळीवर रोखा आणि पुन्हा मोजा."

त्यांनी पुन्हा मोजलं. नवे आकडे आले, उंची चार हजार एकशे सत्तर. बरोबर होती. मी नऊ ओळी वाचल्या. ससाण्याने उंची आणि आकडे परत वाचले. घळीच्या तोंडाशी पांढरा दगड त्याला दिसला. माझ्या मनगटावर हिरवा दिवा होता.

"ससाणा तयार. शेवटचा शब्द?" यंत्राने विचारलं.

मी म्हणालो, "थांब."

इथे मी थांबायला नको होतं. मला ते तेव्हाही माहीत होतं. पण आठ वर्षं मी ज्या माणसाच्या मागे होतो तो माझ्या कानात धापा टाकत होता. चॅनेल मोहोरबंद होतं, आणि जगात दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी तो खरं बोलला नसता. वाटलं, विमान घिरट्याच तर घालतंय. अर्ध्या मिनिटाने काय बिघडतं?

"सर, एक सांगा. तेहतीस साली आकडे कुणी वाचले?"

"काय?"

"डबा कुणाच्या हातात होता?"

"शेडगे, वेड लागलंय का तुला? सोड म्हण!"

"म्हणतो सर. आधी सांगा."

मागे गोळीबार होता, कुणीतरी ओरडत होतं. मी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष फक्त त्यांच्या आवाजावर होतं. ससाण्याने पुन्हा विचारलं, "शेवटचा शब्द?" मी पुन्हा म्हणालो, "थांब."

"पोरं आहेत रे इथे," दळवी म्हणाले. आवाज फाटला होता.

"तिथेही होती सर. आधी सांगा."

मग ते एका दमात बोलले, "मी वाचले. डबा मी घेतला. विश्वजित थांबा म्हणत होता. त्याची काही चूक नव्हती. आता सोड, आईशप्पथ, सोड रे!"

"सोड," मी म्हणालो.

घळीवर दोन बॉम्ब पडले, अगदी हवे तिथे. चढणारे थांबले. धूर ओसरल्यावर चौकीवर आपला झेंडा होता. मी कानातलं यंत्र काढलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मोठ्यांदा हसलो. शेजारचा शिपाई घाबरून माझ्याकडे बघत राहिला. संध्याकाळी वहिनींना फोन करून म्हणालो, "पुसलं वहिनी. दादाचं नाव पुसलं." त्या फोनवर रडल्या. "आता तुमचा आवाज ओळखू आला," म्हणाल्या.

चौकीवर एक जवान गेला हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. लान्स नायक अक्षय थोपटे, भोरकडचा. लढाईत माणसं जातात, मी स्वतःला म्हटलं. कधी गेला, हे विचारलं नाही.

चौकशी डिसेंबरात बसली. नव्या नियमाप्रमाणे घरच्यांना हजर राहता येतं. एका बाजूला मी, माझ्या मागच्या खुर्चीवर स्नेहलवहिनी. त्या दादाच्या लग्नातली जांभळी साडी नेसून आल्या होत्या. समोरच्या रांगेत दळवी, गणवेशात, पण अंगातली हवा गेलेली. त्यांच्या मागे एक पोरसवदा बाई, मांडीवर दीड-दोन वर्षांची मुलगी. ती थोपटेची बायको, काजल.

अध्यक्ष एक ब्रिगेडियर बाई होत्या. त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. भिंतीवर कानोसाचा आलेख, दळवींच्या नावापुढे लाल रेघ वरखाली नाचणारी, माझ्या नावापुढे हिरवी, ताणून बांधल्यासारखी सरळ. दळवींचं वाक्य आलं, "विश्वजित थांबा म्हणत होता. त्याची काही चूक नव्हती." वहिनींचा हात माझ्या खांद्यावर आला आणि घट्ट झाला. दळवींनी मान वर केली नाही. मी त्यांच्याकडेच बघत होतो. बघून पोट भरत नव्हतं.

"कबुली खरी आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"खरी आहे," दळवी म्हणाले. "आज दडपण नाही. आजही तेच सांगतो."

दादावरचा ठपका काढून टाकल्याचं आणि ते नाव पुस्तकातून वगळल्याचं अध्यक्षांनी वाचून दाखवलं. दोन मिनिटांत झालं. आठ वर्षांचं काम दोन मिनिटांत संपलं आणि मी उठायला लागलो.

"बसा," त्या म्हणाल्या. "अजून एकदा ऐकायचं आहे. तुमच्या पहिल्या 'थांब'पासून 'सोड'पर्यंत एक्केचाळीस सेकंद आहेत. कानोसा मागचे आवाज वेगळे करू शकतं. ते आता ऐकू."

या वेळी माझा आणि दळवींचा आवाज दबका करून मागचा गोंधळ पुढे आणला होता. गोळ्या. दगड घरंगळण्याचा आवाज. मग जवळून एक तरुण आवाज, दम लागलेला, पण घाबरलेला नाही.

"साहेब, अजून किती वेळ? माझ्याकडं शेवटचं मॅगझिन हाय."

त्यावर दबका, शांत माझा आवाज. "म्हणतो सर. आधी सांगा."

"साहेब, डाव्या अंगानं वर आले. मी जातो पुढं, तुम्ही त्यांच्याशी बोला."

तो सव्विसावा सेकंद होता. भिंतीवर सेकंद मोजले जात होते. अठ्ठाविसाव्याला एक लांबलचक फैर. मग कुणीतरी "अक्षय! अक्षय!" अशा दोन हाका मारल्या. आणि मग, एकतिसाव्या सेकंदाला, माझा आवाज: "तिथेही होती सर. आधी सांगा."

त्याच्या पुढचे दहा सेकंद दळवींच्या कबुलीचे.

म्हणजे मी बॉम्ब सोडला नव्हता, दळवींना सोडलं नव्हतं, आणि मधल्या वेळेत एक माणूस मॅगझिन रिकामं करून पुढे गेला होता, दळवींना माझ्याशी बोलायला वेळ मिळावा म्हणून. आलेखावर माझी हिरवी रेघ केसभरही हलली नव्हती.

"नायब सुभेदार शेडगे," अध्यक्षांनी विचारलं, "पहिल्या सेकंदालाच 'सोड' म्हणायला काही तांत्रिक अडचण होती?"

"नाही."

"लक्ष्य निश्चित होतं?"

"होतं."

"मग का थांबलात?"

मी दळवींकडे बोट दाखवणार होतो. बोट उचललंसुद्धा. तेवढ्यात खांद्यावरचा हात निघाला.

वहिनी उठल्या. त्यांनी खुर्ची नीट मागे सरकवली, पदर सावरला आणि मधली मोकळी जागा ओलांडून पलीकडच्या रांगेत गेल्या. मला वाटलं दळवींशी काही बोलतील, आणि खोटं कशाला सांगू, त्याही वेळी मनात आलं, आता थोबाडीत ठेवून देतील. त्या दळवींना ओलांडून पुढे गेल्या आणि काजलशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. तिने बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. त्या नजरेतलं सगळं मला ओळखीचं होतं.

तिने मुलीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि टेबलाशी बसलेल्या कारकुनाला विचारलं, "ह्यांचं नाव काय ओ? आख्खं सांगा. लेक मोठी झाली की इचारंल."

कारकून अध्यक्षांकडे बघत राहिला.

"रणजित यशवंत शेडगे," वहिनी म्हणाल्या. "गाव खटावकडं. माझा दीर आहे."